निळा कागद

माझं काम दातांचं.
एस्बियर्गच्या बंदरामागे, दुसऱ्या मजल्यावर,
परक्या तोंडांसाठी मी पोर्सिलेनच्या दाढा घडवते.
तोंड कधी दिसत नाही.
येतो फक्त ठसा, आणि मागाहून तक्रार:
वर लागतो. पोकळ वाटतो.

म्हणून आस्गरने ते पांढरं चाक टेबलावर आपटलं
(महिन्यातलं तिसरं)
तेव्हा मी आधी चष्मा पुसला.
एक्याऐंशी दात. त्यातले नऊ सपाट,
बाकीचे एकाच अंगाने खाल्लेले.
"मोटर खाते गं."
मोटर खात नाही रे.
चावा चुकलाय.

लॅबमधून निळा कागद आणला, केसाएवढा पातळ;
दाब जिथे जास्त, तिथे त्याचा ठिपका उठतो.
दोन चाकांमध्ये सरकवला, हाताने एक फेरा दिला.
ठिपके सगळे एका कडेला.
मोटर बसली होती
अर्ध्या बुडाने बसलेल्या पाहुण्यासारखी.

स्क्रू सैल, मोटर सरळ, पुन्हा कागद.
घट्ट नको, दात दातात रुतून तापतील.
सैल नको, दर झटक्याला टक्कर.
फट एवढीच
की चाक हललेलं नखाला कळावं,
कानाला नाही.

शनिवारी आम्ही हॉलवर जातो.
पूर्वी इथे मासळीचा लिलाव व्हायचा;
आता करडं कार्पेट, पण थंडीत फरशीखालून
अजून कॉडचा वास येतो.
कार्पेटचे धागे दांड्यांवर गुंडाळतात, बेअरिंगमध्ये शिरतात.
एइनर ते चिमट्याने उपसतो.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत काढली त्याने
आणि एक कान तिथेच ठेवून आला.
उरलेला कान तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला लावतो,
टोक बेअरिंगला.
"वाळू," म्हणतो. किंवा नुसता, "हं."

त्यानेच क्लचचा नट पाव फेरा मागे घेतला.
"कुठेतरी घसरू दे. घसरायला जागा नसली की तुटतं,"
आणि स्वतःची कॉफी सांडली.
सुटतानाचा झटकाही नवावरून चारवर आणला.
आस्गर दिवसभर बोलला नाही,
जणू त्याचीच ताकद कोणी कमी केली होती.

पण खरी झीज उडीवर.
भिंतीला टेकून मी पाहिलं:
गाडी हवेत, बोट ट्रिगरवर तसंच,
चारही चाकं रिकामी भणाणलेली,
मग जमीन,
आणि सगळा वेग एका क्षणात
एका दातावर.
"हवेत असताना सोड!"
"मागे पडेन!"
"पड."

सतरा वर्षांचा आहे.
बाप ओल्बोर्गला राहायला गेला, त्याला दोन हिवाळे झाले.
फोन वाजतो, वाजून थांबतो.
बापावर याने दात धरलाय,
आणि रात्री झोपेत दात खातो;
भिंतीपलीकडून ऐकू येतं मला,
वाळू गेलेल्या गिअरसारखं.
एक पारदर्शक पट्टी मी त्याच्यासाठी घडवली होती.
डबीत पडून आहे, सुट्या पिनियनांबरोबर.

मार्चची शेवटची शर्यत. पाच मिनिटं.
तिसऱ्या उडीवर मोटरचा आवाज
हवेत खाली आला,
चाकं टेकल्यावर पुन्हा चढला.
एइनरने चांगला कान माझ्याकडे वळवला.
"ऐकलंस?"
सहावा आला आस्गर. बक्षीस पाचापर्यंत.

घरी चाक काढून दिव्याखाली धरलं.
एक्याऐंशी. दोनदा मोजले.
झीज आहेच, कडा चकाकतात,
पण आता सगळ्यांवर सारखी.
तो सांध्याच्या पिनांना ग्रीस लावत होता,
तेवढ्यात फोन वाजला.
वाजला. वाजत राहिला.

"हात भरलेत माझे," तो म्हणाला.
मग, मान वर न करता,
"स्पीकरवर टाक."

मी उगाच फडकं शोधायला उठले.